तुझ्यावाचून तिथं काही अडलेलं नाही

बाय, तू पाठवलेली फाइल वाचली. पेरामिहोला गेल्यावर काय काय करणार, याची यादी. मुलींसाठी इंग्रजी संभाषण, कॉम्प्युटरचे वर्ग, कचऱ्याचं नियोजन, वाचनालय, आणि वेळ उरला तर योगा. मावशी सांगत होती, पोरगी रात्री एकेक वाजेपर्यंत टाइप करत बसते. छान टाइप केलंस. आता ती फाइल बंद कर आणि माझं ऐक. मी तिथं राहून आलेय आणि तुझ्याहून मोठी आहे, तेव्हा स्पष्ट बोलायचा हक्क मला आहे.

तुझ्यावाचून तिथं काही अडलेलं नाही.

वाईट वाटलं ना? वाटू दे. इथं वसईत, आईच्या घरात वाटलेलं बरं. पेरामिहोत, म्हणजे टांझानियाच्या त्या दक्षिण टोकाला, सोंगेआ शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर, 1898 साली जर्मनीतल्या सांक्ट ओटिलिएनच्या बेनेडिक्टाइनांनी मिशन घातलं. आज तिथं मठ आहे, धर्मभगिनींचं कॉन्व्हेंट आहे, मोठं हॉस्पिटल आहे, शाळा, सुतारकामाचं आणि यंत्रकामाचं वर्कशॉप, छापखाना, शेती, गुरं, सगळं आहे. आणि आता ते चालवणारे ब्रदर नि सिस्टर बहुतेक टांझानियाचेच आहेत. तू पोचायच्या आदल्या दिवशी तिथं भाकरी भाजली जाणार आहे, तू परतल्याच्या दुसऱ्या दिवशीही भाजली जाणार आहे.

आता सोंगेआच्याच भागातल्या चिपोलेच्या सिस्टरांचं ऐक. त्याही बेनेडिक्टाइन, पण आफ्रिकन भगिनींचा स्वतंत्र संघ. सोंगेआत डिझेलच्या जनरेटरवर वीज चालायची, आज आहे उद्या नाही. या बायकांनी रुवुमा नदीवर तुलिला इथं 5 मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प उभा केला आणि ती वीज सरकारी वीज कंपनीला विकायला लागल्या. सिस्टर! टर्बाइन चालवतात! आणि आपण जाणार त्यांच्या शेजारात कॉम्प्युटरचा माउस कसा धरायचा ते शिकवायला. हसू नकोस, मीही असंच काहीबाही मनात घेऊन जाणाऱ्या खूप जणांना पाहिलंय.

माझ्या वेळी जर्मनीहून एक पोरगा आला होता. बारावी करून वर्षभर आलेला. त्यांच्याकडे ती पद्धतच आहे, शाळा संपली की काही मुलं वर्षभर अशा मठांत राहायला येतात. गुणी होता. आल्याच्या आठवड्यात त्याने कोठीघराचं रंगीत वेळापत्रक केलं. कोणी, कधी, किती मका काढायचा, सगळं चौकोनांत. कोठीच्या सिस्टरांनी ते हातात घेतलं, मन लावून पाहिलं, ‘असांते साना’, खूप धन्यवाद, म्हणाल्या आणि नीट घडी करून खणात ठेवलं. बस. खण बंद. मका त्यानंतरही तसाच निघत राहिला आणि कधी कमी पडला नाही. पुढे तोच पोरगा गॅरेजमधल्या ब्रदरांच्या हाताखाली लँडरोव्हरखाली पडून असायचा, कोपरापर्यंत ग्रीस, आणि मग मात्र ब्रदर जेवायला जाताना त्याला हाक मारल्याशिवाय जात नसत.

तर तू पाहुणी आहेस. संत बेनेडिक्टने सहाव्या शतकात मठवासीयांसाठी नियम लिहिले, त्यातल्या 53व्या प्रकरणात सांगितलंय की दारात आलेल्या पाहुण्याला ख्रिस्तच आलाय असं समजून घ्यावं. ते लोक हे अक्षरशः पाळतात. तुला खोली चांगली मिळेल, अंडं तुझ्या ताटात आधी पडेल, गरम पाण्याची बादली न मागता येईल. पहिले काही दिवस घे सगळं. नाही म्हणू नकोस, त्यांना ते लागतं. पण मग हळूच एक दिवस स्वतःची बादली स्वतः भर, जेवण झाल्यावर भांड्यांकडे जा. कोणी ‘नको’ म्हटलं तरी फडकं घेऊन उभी राहा. भांडी पुसताना आदळआपट करू नकोस हं. त्याच नियमांत 31वं प्रकरण आहे, मठाचं सामानसुमान वेदीवरच्या पवित्र पात्रांइतकं जपावं असं सांगणारं. तिथं फुटक्या कानाचा मगसुद्धा जपून ठेवतात.

दिवस कसा जातो विचारत होतीस. घंटेने जातो. पहाटे साडेपाचच्या सुमारास पहिली प्रार्थना, मग मिस्सा, मग नाश्ता, मग काम. दुपारी जेवणाआधी पुन्हा प्रार्थना. संध्याकाळी व्हेस्पर्स, जेवण, थोडं हसणं-बोलणं, आणि रात्रीची शेवटची प्रार्थना झाली की मौन. ते मौन खरंखुरं मौन असतं. कॉरिडॉरमध्ये उभं राहून फोनवर आईशी बोलायचं नाही. तसंही तिथली वेळ आपल्या अडीच तास मागे. तुझी रात्रीची प्रार्थना संपेपर्यंत इथं साडेदहा-अकरा होतात आणि मावशी झोपलेली असते. रविवारी दुपारी फोन कर, तेव्हा वेळही असते आणि गरजही. रविवारची दुपार फार लांब असते तिकडे. मिस्सा झाली, जेवण झालं, सगळे आडवे झाले, आणि पत्र्यावर ऊन टकटक करतंय. मला पहिल्यांदा रडू आलं ते अशाच दुपारी. कारण काहीही नव्हतं. येऊ दे रडू, तोंड धू, आणि व्हेस्पर्सला जा. तिथं सुरात सूर मिसळायला स्वाहिली फार यावी लागत नाही, पुस्तकात बघून म्हणता येतं.

सगळ्या प्रार्थनांना गेलंच पाहिजे का? नाही. मिस्सा आणि एखादी संध्याकाळची प्रार्थना धरलीस तरी पुष्कळ. मात्र जी धरशील तिला रोज जा. कधी आली, कधी नाही, हे तिथं चालत नाही. जागा रिकामी दिसली की सिस्टर मलेरिया झाला का बघायला खोलीवर येतात.

आणि घड्याळ! हे आधीच सांगून ठेवते, नाहीतर पहिल्याच दिवशी गोंधळ उडेल. स्वाहिलीत दिवस उजाडल्यापासून तास मोजतात. आपले सकाळचे सात म्हणजे त्यांचा पहिला तास, ‘सा मोजा’. दहा म्हणजे ‘सा न्ने’, चौथा तास. कोणी म्हणालं चार वाजता चहाला ये, तर ते सकाळचे दहा असू शकतात. मनगटावरच्या घड्याळात काटा सहा तासांनी उलटा वाचायची सवय कर. इंग्रजीत बोलताना काही जण आपली वेळ सांगतात, काही जण त्यांची, तेव्हा प्रत्येक वेळी विचार: सकाळी की दुपारी? लाजू नकोस.

त्या दहाच्या चहावर मात्र प्रेम कर. दूध घातलेला गोड चहा आणि तळलेलं मांदाझी. मी तिथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होते. सकाळपासून रक्ताच्या स्लाइड बघून डोळे चुरचुरायचे, पावसाळ्यात तर विचारू नकोस, एकामागून एक तापाची पोरं. दहाच्या चहाला सगळं थांबायचं. चहाच्या त्या अर्ध्या तासात मला जे कळलं ते कुठल्या मीटिंगमध्ये कळलं नसतं: कोणाची सासू आजारी आहे, कोणाचा मुलगा परीक्षेला बसलाय, कोणाशी काय बोलू नये.

एकदा चहा झाल्यावर मी स्वयंपाकघराच्या ओट्यावर रेंगाळले. बायका चटईवर बसून मुलींच्या होस्टेलसाठी राजमा निवडत होत्या. त्यांच्याकडे ‘उंगो’ असतो, आपल्या सुपासारखाच, फक्त गोल. मी एक उचलला, मूठ-दोन मुठी राजमा घेतला आणि पाखडायला लागले, आजी जशी अंगणात पाखडते तसं, मनगटाने झटका देऊन. सालं उडाली, खडे पुढे आले, दाणे मागे राहिले. बोलणं थांबलं. एक म्हातारी आचारीण होती, तिने माझ्या हातातला उंगो घेतला, आतले दाणे बोटांनी फिरवून पाहिले, एक राहिलेला खडा काढून मला दाखवला. काही बोलली नाही. शेजारचं अख्खं पोतं पायाने माझ्याकडे सरकवलं आणि आपली गोष्ट पुढे सांगायला लागली. त्या दिवसानंतर मला त्या ओट्यावर कोणी ‘करिबू’ म्हणून पाहुणचाराने बसवलं नाही. ‘उशीर का?’ असं विचारायला लागल्या. तुझ्या फाइलमध्ये हा विषय कुठेच नाही बघ.

आता जरा अवघड गोष्ट. जर्मन मुलांना रस्त्यातली पोरं ‘म्झुंगू’, म्हणजे गोरा, म्हणून हाक मारतात. तुला ‘म्हिंदी’ म्हणतील. त्यांच्या डोक्यात भारतीय माणूस म्हणजे दुकानदार. टांझानियाच्या गावोगावी गुजराती दुकानं पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि दुकानदाराबद्दल गिऱ्हाइकाच्या मनात जे जे असतं ते सगळं तुझ्याबद्दल असेल. तुझं दुकान कुठे, असं मला कितीदा तरी विचारलंय. मी म्हणायचे, माझे बाबा केळीची बाग करतात. तेव्हा चेहरे बदलायचे. केळीची लागवड, पाणी, रोग, सगळ्यावर चर्चा व्हायची. तूही बागेचं सांग. पण हेही लक्षात ठेव की ती नाराजी सगळी खोटी नाही. आपल्याकडून गेलेल्या किती तरी लोकांनी स्थानिकांना नोकर म्हणूनच पाहिलं. उगाच भारताची बाजू घेऊन भांडायला जाऊ नकोस.

इतिहासाचंही तसंच. पोचल्यावर पहिल्या महिन्यातच एक सुट्टीचा दिवस काढून सोंगेआच्या माजी माजी संग्रहालयात जा. 1905 साली त्या मुलखातल्या लोकांनी जर्मन राजवटीविरुद्ध उठाव केला. मंतरलेलं पाणी अंगावर घेतलं की गोळ्यांचंही पाणी होईल, असा विश्वास होता. ‘माजी’ म्हणजे पाणी, म्हणून नाव माजी माजी. तिथल्या न्गोनी लोकांनी त्यात पेरामिहोचं मिशनही जाळलं. मिशनचे बिशप कासियान श्पिस त्याच वर्षी उठावात मारले गेले. मग जर्मनांनी सूड घेतला. 27 फेब्रुवारी 1906 रोजी सोंगेआत न्गोनी पुढाऱ्यांना फाशी दिलं. शेतं, कोठारं जाळली, आणि लढाईपेक्षा जास्त माणसं त्यानंतरच्या उपासमारीने मेली. मृतांचे अंदाज पाऊण लाखापासून तीन लाखांपर्यंत जातात. तुझ्या शेजारच्या बाकावर बसून जी बाई सुंदर आवाजात स्तोत्र म्हणते, तिचा पणजोबा कदाचित त्यात असेल. मठाच्या कबरस्तानात जर्मन नावं आहेत, सोंगेआच्या स्मारकावर न्गोनी नावं आहेत. दोन्ही वाच. ‘मिशनने इथं काय केलं, चांगलं की वाईट’ असले प्रश्न मात्र जेवणाच्या टेबलावर टाकू नकोस. वर्षभर राहिलीस तर कोणीतरी आपणहून सांगेल, आणि ते तुझ्या प्रश्नापेक्षा बरंच गुंतागुंतीचं असेल.

नमस्कार-चमत्कारात कंजुषी करू नकोस. आपल्याहून वयाने मोठं कोणीही भेटलं की ‘शिकामू’ म्हणायचं, ‘माराहाबा’ असं उत्तर येतं. मग रात्र कशी गेली, घरचे कसे आहेत, काम कसं आहे. एवढं झाल्यावर किल्ली मागायची. थेट ‘किल्ली द्या’ म्हणणारी मुलगी त्यांना आजारी वाटते, नाहीतर उद्धट. कोणाच्या दारात गेलीस तर बाहेरूनच ‘होदी’ म्हण आणि आतून ‘करिबू’ येईपर्यंत थांब.

जेवणाचं मला तुझ्याबद्दल टेन्शन नाही, तू काहीही खातेस. मक्याच्या पिठाची उगाली, पालेभाजी, राजमा, कधी भात. न्यासा सरोवर फार लांब नाही, त्यामुळे सुकी बारीक मासळी मिळते, ‘दगा’ म्हणतात. तू खुश. उगाली उजव्या हाताने, छोटा गोळा करून, अंगठ्याने खळगा पाडून त्यात कालवण उचलायचं. जेवायच्या आधी कोणीतरी तांब्याने तुझ्या हातावर पाणी घालेल. ओढून घेऊन स्वतः घालून घेऊ नकोस, हात पुढे कर.

पैशाचं बोलते. लोक मागतील. शाळेची फी सरकारने माफ केली तरी गणवेश, वह्या, परीक्षेचे खर्च असतातच, आणि ज्या मुलीला तू अभ्यास शिकवशील तीच एक दिवस मान खाली घालून मागेल. तेव्हा पर्स उघडू नकोस. ‘सिस्टरांना विचारते’ म्हण आणि खरंच विचार. कोणाच्या घरी खरी अडचण आहे, हे त्यांना तुझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं. तू एकीला दिलंस की होस्टेलच्या बाकीच्या मुलींची तोंडं तुला रोज बघायची आहेत. द्यायचंच असेल तर मयताच्या घरी दे. कामावरच्या कोणाकडे मयत झालं की सगळे जातात, बायका खांग्याचं कापड गुंडाळून चटईवर बसतात, दिवसच्या दिवस. जाताना थोडे पैसे देतात, ‘रांबीरांबी’ म्हणतात त्याला. तूही दे, सगळे देतात तेवढेच. बोलायला सुचलं नाही तर ‘पोले’ म्हण आणि बसून राहा. इतरांसाठी चूल पेटली की उठून लाकडं दे.

आता फक्त तुझ्यामाझ्यातलं. पॅडचा साठा घेऊन जा. सोंगेआत मिळतात, पण दरवेळी पंचवीस किलोमीटर जायचं का? त्यांची विल्हेवाट कशी लावायची हे पहिल्याच दिवशी एखाद्या तरुण सिस्टरला विचार, त्या मोकळेपणाने सांगतात. कपडे गुडघ्याखाली. आपले पंजाबी ड्रेस उत्तम चालतात, आणि वरून एक कितेंगेचं कापड गुंडाळलं की कुठेही जाता येतं. अंधार पडल्यावर एकटी बाहेर नाही, बोडाबोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर, तर मुळीच नाही. लग्न झालंय का, हे तुला सगळे विचारतील, चौकीदारापासून डॉक्टरपर्यंत. आणि सिस्टर विचारतील, तुला सिस्टर व्हायचं पाचारण आहे का गं? ‘अजून ठरलं नाही’ असं चुकूनही म्हणू नकोस. दुसऱ्या दिवशी माहितीपत्रक हातात पडेल आणि तुझ्या नावाने नोव्हेना सुरू होईल. ‘आई मुलं बघतेय’ म्हणावं, सगळ्यांचं समाधान होतं. मावशीचं तर होईलच.

हॉस्पिटलमध्ये फोटो काढायचे नाहीत. अंगणवाडीतलं पोर कडेवर घेऊन काढलेला फोटो स्टेटसला टाकायचा नाही. वसईत आपल्या चर्चच्या बालवाडीत कोणी परका येऊन असं करेल तर तुझी आई काय करेल, तेवढा विचार कर.

कागदांचं पक्कं कर. टुरिस्ट व्हिसावर जाऊन काम करायचं नाही. स्वयंसेवकांना क्लास सी रहिवासी परवाना लागतो, त्याचं मठाकडून बघतात, पण तू पाठपुरावा कर. पीतज्वराची लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, निदान दहा दिवस आधी, आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टलाच लावून ठेव. ते जाताना आणि परत येताना लागतं का, हे त्या केंद्रातच विचारून घे. मलेरियाच्या गोळ्या कोणत्या, हे डॉक्टरांना विचार, माझ्या उरलेल्या घेऊ नकोस. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर तिथं 2019 पासून बंदी आहे, तेव्हा मावशी चपला ज्या पिशवीत गुंडाळते ती इथंच काढून टाक. चार्जरसाठी चौकोनी तीन पिनांचा ॲडॉप्टर घे.

दार-एस-सलामहून बसने गेलीस तर पहाटे निघून दिवसभर. साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास. अंग मोडतं, पण पहिल्या वेळी बसनेच जा. रस्ता मिकुमीच्या राष्ट्रीय उद्यानातून जातो, खिडकीतून जिराफ दिसतात, तिकीट न काढता. पुढे गोरखचिंचेच्या झाडांचं अख्खं खोरं लागतं, मग किटोंगाचा घाट, मग इरिंगा, माकांबाको आणि न्जोंबेची थंडी. स्वेटर वरच्या बॅगेत ठेव. जून-जुलैत पेरामिहोतही रात्री चांगलीच थंडी पडते. आफ्रिका म्हणून नुसते सुती कपडे भरू नकोस.

आणि रविवारच्या मिस्सेला पुढे बस. ढोल असतात, कायांबाचा खुळखुळाट असतो, दानाच्या वेळी लोक नाचत मका, भोपळे, अंडी, कधी जिवंत कोंबडी घेऊन वेदीकडे येतात. दोन-अडीच तास सहज जातात. आपली तासाभराची मिस्सा लांबली की घड्याळ बघणारी तू, तिथं बघणार नाहीस.

निघायच्या आधी घरी ये. आगाशीची सुकेळी मागवून ठेवलीत, ती घेऊन जा. एक मोठा पुडा कॉन्व्हेंटसाठी. लॅबमधल्या दोघींसाठी वेगळी पाकिटं करते, त्यांची नावं घालून. ती सिस्टरांच्या पुड्यात मिसळू नकोस. कॉन्व्हेंटच्या टेबलावर एकदा काही गेलं की ते सगळ्यांचं होतं, आणि त्या सिस्टर खायच्या बाबतीत अजिबात व्रतस्थ नाहीत.